मधली स्प्रिंग

६ जानेवारी

भिंगरे,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी दिले तर तू पुढचं वाचणार नाहीस. लहानपणी हातात गोळी पडली की अशीच पळून जायचीस.

हे पत्र मी सांगतेय आणि तुझा बाप लिहितोय. पाकिटावरचं अक्षर बघून ओळखलंच असशील, आणि ओळखून बाजूला टाकलं असशील तर मुकाट्याने उचल. हात त्याचा असला तरी शब्द माझे आहेत.

आता म्हणशील, फोन असताना आजीला पत्राचं काय सुचलं. अगं, समोरचं माणूस बोललं तर मला अजून नीट ऐकू येतं, पण फोनवरचं तुझं बोलणं म्हणजे डब्यात कोंडलेली माशी. मी आपली 'हो हो' म्हणते आणि तू काय सांगितलंस ते मागाहून मनानेच ठरवते. मागे तू सर्दी-खोकल्याचं सांगत होतीस म्हणे, आणि मी म्हणाले, "छान छान, होऊ दे." असल्या फोनचा काय उपयोग?

समोरच्या शिंपीणबाई लिहून द्यायला तयार होत्या. अक्षरही मोत्यासारखं त्यांचं. पण घरात लेखनिक असताना दुसऱ्याला कशाला त्रास? तो तुझ्याशी बोलत नाही, तू त्याच्याशी बोलत नाहीस. तोंडाचं जाऊ दे, निदान त्याच्या बोटांची सवय तुटू नये.

तू गेलीस त्या दिवशी गाडी दारात उभी होती, मी दारात उभी होते, शिंपीणबाई त्यांच्या दारात उभ्या होत्या आणि हे महाशय आत वर्कशॉपमध्ये फळीला रंधा मारत होते. मान वर न करता म्हणाले, "जायचं तर जा." तू म्हणालीस, "मग मला परत हाक मारू नका," आणि दार असं आपटलंस की बिजागरीचा स्क्रू निघाला. तो स्क्रू त्याने अजून बसवलेला नाही. सुताराच्या घराचं दार खिळखिळं, काय म्हणायचं याला!

पेन थांबलंय. लिही रे. मी सांगते ते सगळं लिहायचं असं ठरलंय आपलं.

भिंगरे, मला अक्षर ओळखता येत नाही हे खरं, पण पेन चाललंय की थांबलंय ते दिसतं. मी बोलत असेन तोवर ते चाललं पाहिजे, मी गप्प झाले की थांबलं पाहिजे. एवढ्या एका नियमावर माझा सगळा कारभार चाललाय.

तुझं काम काय आहे ते मला समजेल असं लिही. यंत्रांच्या कारखान्यात आहेस एवढंच मी लोकांना सांगते. शिंपीणबाईंनी विचारलं, "कसली यंत्रं?" मी म्हटलं, "मोठी." पुढे काय सांगणार?

तुझी आई गेल्यापासून या घरात आपण तिघं होतो. आता मी आहे, तो आहे आणि रंधा आहे. रंधाच जास्त बोलतो.

घे आता आशीर्वाद.

तुझी आजी

० ० ०

१५ जानेवारी

आजी,

पत्र उचललं. दोनदा वाचलं. तुमच्या लेखनिकांचं अक्षर पूर्वीसारखंच आहे, प्रत्येक ओळ पट्टीने आखल्यासारखी.

यंत्रं मोठी नाहीत गं. आमचा कारखाना डोळे तपासायची यंत्रं बनवतो. माणूस समोर बसतो आणि एका छोट्या पाटीवर हनुवटी टेकवतो. मग ती पाटी त्याला घेऊन अगदी हळू, गोगलगायीच्या चालीने, भिंगापर्यंत सरकते. ती सरकवायचं काम माझ्याकडे आलंय.

आणि ती सरकत नाही. म्हणजे सरकते, पण कशी सांगू? मोटर चालू केली की आधी काहीच होत नाही. पाटी ढिम्म. मग एकदम टुण्णकन उडी मारते आणि परत ढिम्म. परत उडी. वर हनुवटीच्या जागी मी भोपळा ठेवून बघते, तर तो दर वेळी मान हलवून 'नाही, नाही' म्हणतो. आमच्या विभागाच्या मॅडम येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "डोळे तपासायला आलेला माणूस मान मोडून परत जाईल."

मोटर आणि पाटी यांच्यामध्ये एक लांब स्प्रिंग आहे. कोणाच्या हनुवटीला धक्का बसू नये म्हणून मीच लावलीय. आणि धक्केच बसतायत.

मी अजून कच्ची आहे इथे. वीस मार्चला प्रात्यक्षिक आहे. पाटी नीट सरकली तर मला कायम करतील. नाही सरकली तर मॅडम चांगल्या आहेत, चहा पाजून निरोप देतील. त्या दिवशी घरचं एक माणूस बोलावता येतं. तू ये. शिंपीणबाई आणतील तुला. लेखनिकांना कामं असतील, त्यांना त्रास नको.

भिंगरी

० ० ०

२३ जानेवारी

भिंगरे,

तुझं पत्र त्याने वाचून दाखवलं. भोपळ्यापाशी मी इतकी हसले की चहा सांडला. तोही हसत होता, पण मी बघितल्यावर खोकला आल्याचं नाटक केलं. 'लेखनिकांना त्रास नको' हे वाक्य मात्र असं वाचलं जसं कोणाच्या भिंतीवरची पाटी वाचतोय.

आपल्या स्वयंपाकघरातला मोठा खण आठवतो का? ओढला की येत नाही, अजून ओढला की येत नाही, आणि मग येतो तो चमच्यांसकट पायावर. तुझ्या पाटीचं तसलंच काहीतरी दिसतंय. तो खणही याच घरच्या सुताराने केलेला आहे. आठ वर्षं 'उद्या बघतो' चाललंय.

आता ऐक. लेखनिक विचारतो, म्हणजे मीच विचारते, की सरकपट्टीला मेण लावून बघितलंस का? मेणबत्तीचा तुकडा घ्यायचा आणि कोरड्या पट्टीवर घासायचा. आणि आणखी एक असं, की लाकूड हिसक्याने ओढलं की चिडतं, ओढ नरम ठेवावी लागते. तेव्हा तुझी ती स्प्रिंग अजून नरम घेऊन बघ. हे सगळं मी माझ्या डोक्याने सांगतेय बरं का. मला मेणातलं फार कळतं.

बघ, पेन कसं भराभर चाललंय. एरवी मी केलेली त्याची निंदा-नालस्ती लिहिताना त्याला शाई संपल्यासारखं होतं.

प्रात्यक्षिकाला येईन. शिंपीणबाईंबरोबर यायचं की कोणाबरोबर ते माझं मी बघेन. गुडघे म्हणतात नको, मी म्हणते चला, शेवटी या घरात माझंच चालतं.

जरा घोटभर चहा घेते.

तिथे जमत नसेल तर मनाला लावून घेऊ नये. परत यावे. वर्कशॉपमध्ये तुझी जागा तशीच ठेवलेली आहे. हत्यारेही जागेवर आहेत.

हां, झाला चहा. शिंपीणबाईंच्या मांजरीला पिल्लं झालीत आणि ती आपल्या भुशाच्या पोत्यात झोपतात. तुझा बाप भुसा चाळून मऊ मऊ वेगळा काढून ठेवतो. कोणासाठी विचारलं तर म्हणतो, "असाच."

आशीर्वाद.

आजी

० ० ०

१ फेब्रुवारी

आजी,

मेण लावलं. पहिल्या दिवशी पाटी लोण्यासारखी सरकली. मी मॅडमना बोलावून आणलं आणि त्यांच्यासमोर भोपळ्याने परत उडी मारली. इथे पट्टी धातूची आहे, मोटरजवळ तापते, मेण चिकट होतं. सगळं पुसून काढलं.

मग स्प्रिंग नरम घेतली. आता पाटी पूर्वीपेक्षा जास्त वेळ ढिम्म राहते आणि उडी मारते ती दुप्पट. भोपळा खाली पडून फुटला. दुसरा आणलाय.

एवढं पाटीचं. आता दुसरं.

आजी, त्या पत्रात तू चहा घ्यायला थांबलीस, त्याच्यानंतरच्या ओळी तुझ्या नाहीत. तू जन्मात कधी 'परत यावे' असं बोलली नाहीस. तू म्हणतेस, 'ये गं मुकाट्याने.' त्या ओळी कोणी लिहिल्या ते मला समजतं.

त्यांना सांग, की मला जमणार नाही हे त्यांनी मी निघायच्या आधीच ठरवलं होतं ना? आता वाट बघतायत. मी हरून यावं, खाली मान घालून दारात उभं राहावं आणि त्यांनी म्हणावं, "तुझी जागा ठेवलेलीच आहे." समोर बोलायची हिंमत नाही म्हणून तुझ्या तोंडात शब्द घालतात! मी परत येणार नाही. जमलं तरी नाही आणि नाही जमलं तरी नाही. आणि प्रात्यक्षिकाला कोणीच येऊ नका. तूसुद्धा नको.

भिंगरी

० ० ०

१९ फेब्रुवारी

भिंगरे,

आज अक्षर वेगळं दिसेल. शिंपीणबाई लिहितायत. दुपारची वेळ आहे, त्यांच्याकडे बसलेय, मशीनवर कोणाच्या तरी पडद्याचा ढीग आहे आणि तुझ्या बापाला वाटतंय मी मांजरीची पिल्लं बघायला आलेय.

तुझं पत्र आलं तेव्हा तो नेहमीसारखा मोठ्याने वाचायला लागला. मेण झालं, भोपळा फुटला, दुसरा आणला. मग थांबला. म्हणाला, "बाकी ठीक आहे म्हणते. नमस्कार सांगितलाय." घडी घालून पत्र फळीवर ठेवलं आणि रंधा उचलला.

मला अक्षर येत नाही गं. पण अर्धं भरलेलं पान आणि पूर्ण भरलेलं पान यातला फरक गायीलाही कळेल. एवढ्याशा वाचनाला एवढी शाई? आणि तू मला नमस्कार कधीपासून सांगायला लागलीस?

दुसऱ्या दिवसापासून पत्र दिसेना. मागितलं तर "सापडत नाही" म्हणाला. शेवटी सापडलं मला. बसायच्या स्टुलाच्या फटीत नीट घडी करून ठेवलेलं होतं. टाकून द्यायचं असतं तर चुलीत घातलं असतं, नाही का? इथे आणून शिंपीणबाईंकडून वाचून घेतलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "पुढचं वाचू का?" म्हटलं, वाचा, मी काही साखरेची नाही.

आता माझं ऐक. तुझं बरोबर आहे, त्या ओळी माझ्या नाहीत. मी गप्प होते आणि पेन चालू होतं. मला दिसलं होतं. वाटलं, मागचं राहिलेलं पुरं करतोय. माझा एवढा एकच नियम आणि चहाच्या नादात तोच मी ढिला सोडला.

पण त्या ओळींचा तू लावलास तो अर्थ नाही. बापाच्या बाजूने बोलतेय असं समजू नकोस. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं तो काही करतच नाही. पण मी जे बघितलं ते सांगते.

तू गेलीस त्या दिवशी तो ज्या फळीला रंधा मारत होता, ती तुझ्या पेटीची होती. हत्यारांची पेटी, वर झाकण, खाली एक खण. तू निघायच्या दिवशी द्यायची म्हणून महिनाभर आधी घेतली होती करायला, तुला दिसू नये म्हणून चादरीखाली. सगळी झाली, पण खण नीट बसेना. अडायचा. बाहेर गाडी हॉर्न वाजवतेय आणि हा आत एक फळी तासतोय. तासून तासून तिचा कागद झाला. अर्धवट वस्तू कोणाच्या हातात द्यायची नाही हा त्याचा बाणा. म्हणून बाहेर आला नाही. 'जायचं तर जा' म्हणाला, कारण 'जरा थांब' म्हणता येईना.

पेटी अजून तिथेच आहे. रोज संध्याकाळी चादर काढतो, खण ओढतो, परत चादर घालतो. मला वाटतं 'तुझी जागा ठेवलीय' म्हणताना त्याच्या डोक्यात ती पेटी होती. पण त्याला लिहिता आलं ते एवढंच. सहा महिने तोंड मिटून बसायचं आणि मग एकदम एक वाक्य, तेही दुसऱ्याच्या पत्रात आणि तेही नको ते. आणि तू? तूही सहा महिने त्याच्याशी बोलली नाहीस, मग 'लेखनिक, लेखनिक' करत राहिलीस आणि मग एकदम घर डोक्यावर घेतलंस. शिंपीणबाई हसतायत. हसा, म्हणावं, पण लिहा.

हे पत्र लिहिल्याचं मी त्याला सांगणार नाही. तू काय करायचं ते तुझं तू ठरव. मी फक्त विचारते, दुसऱ्या भोपळ्याचं काय झालं?

आजी

० ० ०

३ मार्च

आजी,

उत्तराला उशीर झाला. आधी चार दिवस तुझं पत्र उशाखाली ठेवून झोपले, मग पाटीच्या मागे लागले.

हे पत्र मी घरच्याच पत्त्यावर पाठवतेय. बाबांना वाचू दे. मोठ्याने आणि पूर्ण.

नरम स्प्रिंगने उडी मोठी झाली ना, त्यावर मी रोज विचार करत होते. मेणाचा सल्ला आणि नरम ओढीचा सल्ला कोणाचा होता ते मला कळलं होतं. लाकडाच्या बाबतीत तो बरोबरच आहे, कारण तिथे ओढणारा हात असतो. अडलं की हाताला लगेच समजतं. मोटरला काहीच समजत नाही, ती आपली चालत राहते. पण नरम केल्याने इतकं बिघडलं, म्हणजे उलट केलं तर? हे मला त्या सल्ल्यामुळेच सुचलं. तेवढं बिघडलं नसतं तर मी अजून पट्टीच पुसत बसले असते.

काय होतं ते सांगते. एका जागी बसलेली वस्तू हलवायला जास्त जोर लागतो, चालत्या वस्तूला पुढे न्यायला कमी. मोटर ओढते, पाटी हलत नाही, मग मधली स्प्रिंग ताणली जाते. अजून ओढते, अजून ताणली जाते. मोटरला वाटतं काम चाललंय, पाटीला वाटतं कोणी ओढतच नाही. सगळा जोर मधल्या मध्ये साठत राहतो. मग एका क्षणी पाटी सुटते. सुटल्यावर तिला तेवढा जोर नकोच असतो, पण साठलेला सगळा एकदम अंगावर येतो. ती उडते, हवं त्याच्या पुढे जाते, स्प्रिंग ढिली पडते आणि पाटी पुन्हा बसते. की परत पहिल्यापासून.

स्प्रिंग जितकी लांब आणि नरम, तितका साठा मोठा आणि तितकी उडी मोठी.

मग मी ती काढून आखूड आणि ताठ स्प्रिंग लावली. अगदी काढूनच टाकावी असं मनात आलं होतं, पण मॅडम म्हणाल्या, "एखाद्याने मध्येच मान हलवली तर? थोडा तरी लवचीकपणा असू दे." म्हणून बोटाच्या पेराएवढी ठेवली. आता मोटर जरा हलली की पाटीला लगेच समजतं. साठायला जागाच नाही.

कालपासून भोपळा डोलत नाही. पण मॅडम म्हणतात, भोपळा गप्प बसतो, माणूस बसत नाही. वीस तारखेला खरं माणूस बसवून बघायचं आहे.

मागच्या पत्रात मी कोणी येऊ नका म्हणाले होते. ते खोडलं असं समजा. घरचं एकच माणूस चालतं असं सांगितलं होतं त्यांनी. मी जाऊन विचारून आले. दोन चालतील.

भिंगरी

० ० ०

११ मार्च

भिंगरे,

वाचलं. त्याने वाचलं, मी ऐकलं. पूर्ण वाचलं, मी पानावर बोट ठेवून बसले होते, शेवटच्या ओळीपर्यंत बोट खाली नेलं. 'बाबांना वाचू दे' इथे आला आणि त्याला परत खोकला आला. मी पाठ थोपटली, जराशी जोरातच.

मग मी त्याला म्हटलं, "मोटर आणि पाटीचं परत वाच." वाचलं. "परत." वाचलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "आई, तुला काय यंत्र काढायचंय का?"

म्हटलं, अरे, यंत्र कशाला काढू, मीच यंत्रात बसलेय. एकीकडे तू ओढतोस, दुसरीकडे ती ढिम्म. नाहीतर ती ओढते आणि तू ढिम्म. आणि मध्ये कोण ताणलं जातंय? एवढी लांब, एवढी नरम, सगळ्यांना सांभाळून घेणारी म्हातारी. मला वाटत होतं मी आहे म्हणून धक्का बसत नाही. आणि पोरगी लिहिते की स्प्रिंग लांब म्हणूनच भोपळा फुटला!

पेन थांबवू नकोस. हे तर लिहायलाच हवं.

तर आता माझं असं ठरलंय. मला काढून टाकू नका, मी काही एवढ्यात निघत नाही. पण आखूड करा. यापुढे पत्रात माझी एकच ओळ, शेवटी. बाकीचं ज्याचं त्याने लिहायचं. मी आता उठते आणि चहा ठेवते. स्वयंपाकघराच्या दारातून पेन मला दिसतं. आजचा नियम उलटा, मी गप्प आहे तोवर पेन चाललं पाहिजे.

भिंगरी,

आई आत गेली आहे. दारातून बघते आहे.

काय लिहू समजत नाही. तुझे पत्र चांगले होते. स्प्रिंगचे समजले. मी वर्कशॉपमध्ये करून पाहिले, ठोकळ्याला रबर बांधून ओढला. लांब रबराने उडी मारतो. आखूड धरले तर नीट येतो. बरोबर आहे तुझे.

त्या ओळी मी लिहिल्या होत्या. आईच्या नावावर लिहायला नको होत्या. तू हरून यावेस असे मनात नव्हते. तुला तिथे एकटीला त्रास होत असेल तर इथे दार उघडे आहे, एवढेच म्हणायचे होते. मला ते नीट म्हणता आले नाही. निघतानाही नाही.

आई म्हणते चहा झाला, पण अजून आणत नाही.

पेटीचे तुला शिंपीणबाईंच्या पत्रातून समजले असेल. होय, मला ठाऊक आहे. त्यांच्याकडे मांजरीची पिल्ले कधीच नव्हती, ती आमच्याच पोत्यात होती. आईच्या लक्षात राहिले नाही.

पेटी झाली आहे, पण खण अजून अडतो. तासला, घासला, मेण लावले. मला कारण सापडत नाही. आता आणखी तासणार नाही. वीस तारखेला घेऊन येतो. तू बघ.

तू परत ये असे म्हणत नाही. मी येतो.

बाबा

आजीची ओळ: बिजागरीचा स्क्रू आज बसला, दार वाजत नाही त्यामुळे कोण आलं-गेलं ते मला समजत नाही, ही नवीच कटकट.

० ० ०

२५ मार्च

बाबा,

तुम्ही दोघं गेल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली. पेटी खिडकीखाली ठेवलीय. मॅडम येऊन बघून गेल्या, कोपऱ्यातल्या जोडावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "कोणी केली?" मी सांगितलं.

माझं पक्कं झालं. काल चिठ्ठी हातात मिळाली. चहाही पाजला, पण निरोपाचा नव्हता.

आता खणाचं. तुम्ही इथे ओढून दाखवलात तेव्हा अडला होता. परवा संध्याकाळी मी ओढला तर थोडा सैल. आज सकाळी बोटाने आला, सरळ, आवाज न करता. मी काहीसुद्धा केलेलं नाही. मला वाटतं तुमच्या वर्कशॉपमध्ये मागच्या भिंतीला ओल आहे, तिथे लाकूड फुगत होतं. इथली हवा कोरडी आहे. तुम्ही सहा महिने तासत होतात आणि खणात काही चूक नव्हतीच, जागा चुकली होती. म्हणून तुम्हाला कारण सापडलं नाही.

आता एक अडचण आहे. पावसाळ्यात इथेही हवा बदलेल, तेव्हा तो परत फुगेल की नाही ते मला सांगता येणार नाही. मला धातूचं कळतं, लाकडाचं अर्धवट. तुम्हाला येऊन बघावं लागेल. आणि नाही फुगला तर नाही फुगला, हे बघायलाही कोणीतरी यायलाच हवं. ओल्या भिंतीचं काहीतरी करा, मी सुट्टीत येईन तेव्हा आपण दोघं मिळून करू. स्वयंपाकघरातला खणही काढू. तो का अडतो हे मला आता आठ मिनिटांत सांगता येईल, तुम्ही आठ वर्षं घेतलीत.

तुमचं पत्र मी खणात ठेवलंय. पहिली वस्तू.

भिंगरी

आजीची ओळ असते तशी आजीसाठी ओळ, मोठ्याने वाचा: आजी, त्या दिवशी भोपळ्याच्या जागी तू बसलीस, पाटीवर हनुवटी टेकवलीस, सगळे श्वास रोखून उभे होते, आणि तू डोळे मिटून मॅडमना म्हणालीस, "अहो, कधी सुरू करणार? माझी मान दुखते," तेव्हा तू भिंगापाशी पोचली होतीस.